तळ्याकाठचे घर

अमेरिकेच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. बोस्टन ही त्याची राजधानी. या शहरापासून सुमारे २० मैलांवर कॉनकॉर्ड नावाचे एक छोटे गाव आहे. गावाला लागून त्याच नावाची नदी संथपणे वाहते. भोवती कुरणे, फळबागा आणि पाइन व ओक वृक्षांची वने आहेत. गावापासून दीड मैलावर, या वनराईच्या कुशीत, वॉल्डन नावाचे एक खोल व नितळ तळे आहे. तळ्याच्या काठी ना राजवाडा आहे, ना एखादे भव्य मंदिर. असे असूनही दरवर्षी दूरदूरच्या देशांतून माणसे तेथे येतात आणि दगडांच्या एका साध्या ढिगाऱ्यापाशी क्षणभर स्तब्ध उभी राहतात. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या जागी एका तरुणाने स्वतःच्या हातांनी एक लहानसे घर बांधले होते. त्या तरुणाचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

हेन्रीचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी कॉनकॉर्ड येथेच झाला. त्याचे वडील शिसपेन्सिली तयार करण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताचीच होती. हेलन, जॉन, हेन्री आणि सोफिया अशी ही चार भावंडे. जॉन हेन्रीहून सुमारे दोन वर्षांनी मोठा. तो आनंदी, मनमिळाऊ आणि सर्वांचा आवडता होता. हेन्री त्यामानाने अबोल व गंभीर. परंतु दोघा भावांचे एकमेकांवर विलक्षण प्रेम होते. रानात हिंडावे, पाखरांचे आवाज ओळखावेत, नदीत होडी वल्हवावी आणि गळ टाकून मासे धरावेत, यातच त्यांचा सुटीचा दिवस मावळत असे.

सोळाव्या वर्षी हेन्री हार्वर्ड महाविद्यालयात दाखल झाला. १८३७ साली शिक्षण पुरे करून तो गावी परतला व तेथील शाळेत शिक्षक झाला. त्या काळी छडीवाचून विद्या येत नाही, अशी लोकांची समजूत होती. हेन्री मुलांना मारीत नाही हे पाहून शाळा समितीच्या एका सभासदाने त्याला दटावले. हेन्रीने त्या दिवशी काही मुलांना उगाचच शिक्षा केली. पण आपल्या हातून घडलेले हे कृत्य त्याला सहन होईना. त्याच संध्याकाळी त्याने राजीनामा दिला. नोकरी अवघे दोन आठवडे टिकली होती. नोकऱ्या मिळणे त्या वर्षी अतिशय कठीण झाले होते, तरीही त्याने मागे वळून पाहिले नाही.

पुढे १८३८ साली हेन्रीने स्वतःची शाळा सुरू केली व लवकरच जॉनही त्याला येऊन मिळाला. या शाळेत छडीला स्थान नव्हते. गुरुजी मुलांना घेऊन रानात जात, नदीवर जात. झाडे, फुले, दगड आणि प्राणी हीच तेथली पुस्तके होत. दुसऱ्याच वर्षी या दोघा भावांनी एक होडी तयार केली. ती १५ फूट लांब होती. खालची बाजू हिरवी आणि कडेला निळा पट्टा, असा रंग तिला दिला होता. कॉनकॉर्ड नदीला तेथील मूळ रहिवासी मस्केटाक्विड, म्हणजे गवताळ काठांची नदी, असे म्हणत. तेच नाव त्यांनी होडीला दिले. ३१ ऑगस्ट १८३९ रोजी आपल्या मळ्यातील बटाटे व कलिंगडे होडीत भरून दोघे प्रवासाला निघाले. कॉनकॉर्ड नदीतून खाली जाऊन, तेथून मोठ्या मेरिमॅक नदीत शिरून त्यांनी वरच्या अंगाला प्रवास केला. रात्री काठावर तंबू ठोकावा, शेकोटी पेटवावी आणि पहाटे धुक्यातून पुन्हा होडी लोटावी, असा तो क्रम होता. दोन आठवड्यांनी ते घरी परतले. हेन्रीच्या आयुष्यातील हे सर्वांत सुखाचे दिवस होते.

हे सुख फार दिवस टिकले नाही. जॉनची प्रकृती बिघडल्यामुळे १८४१ साली शाळा बंद करावी लागली. १ जानेवारी १८४२ रोजी वस्तरा परजताना जॉनच्या बोटाला लहानशी जखम झाली. कोणी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. थोड्याच दिवसांत त्याला धनुर्वात झाला. त्या काळी या रोगावर काहीही उपाय नव्हता. ११ जानेवारीला जॉनने हेन्रीच्या हातांवरच प्राण सोडला. हेन्रीला एवढा धक्का बसला की काही दिवसांनी त्याच्याही अंगात धनुर्वाताचीच लक्षणे दिसू लागली. खरे पाहता त्याला कोणतीही जखम झालेली नव्हती; दुःखानेच त्याच्या शरीराचा ताबा घेतला होता. तो त्यातून बरा झाला. भावाबरोबर केलेल्या त्या जलप्रवासावर एक पुस्तक लिहावे व त्यात जॉनची आठवण जतन करून ठेवावी, हा विचार त्याच्या मनात रुजत गेला.

पुस्तक लिहायचे, तर निवांत वेळ हवा. हेन्रीजवळ तोच नव्हता. वडिलांच्या कारखान्यात तो काम करी. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून अधिक चांगली पेन्सिल बनविण्याची रीत त्याने बसविली होती. परंतु तो सबंध दिवस पेन्सिली करीत राहिला, तर मनातील विचार कागदावर उतरणार केव्हा?

त्यातच १८४४ च्या एप्रिलमध्ये एक वाईट घटना घडली. हेन्री एका सोबत्याबरोबर नदीवर मासे धरायला गेला होता. गळाला मासे पुष्कळ लागले. ते शिजविण्यासाठी दोघांनी काठावरच्या एका झाडाच्या बुंध्यात विस्तव पेटविला. पावसाअभावी रान वाळून कोळ झाले होते. ठिणगी जवळच्या सुक्या गवतात पडली आणि पाहता पाहता वणवा भडकला. दोघांनी हातापायांनी आग विझविण्याचा प्रयत्न केला. पण ती आटोक्यात येईना. हेन्री धावत जाऊन लोकांना बोलावून आणीपर्यंत आग रानभर पसरली होती. शंभराहून अधिक एकर जंगल त्या दिवशी जळाले. रानावर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातूनच रानाची राख झाली! पुढे कित्येक वर्षे गावातले लोक त्याला रान जाळणारा म्हणून हिणवीत. हेन्री तेव्हा उत्तर देत नसे. आपल्या रोजनिशीत ही हकीकत लिहिण्याचे धैर्यसुद्धा त्याला सहा वर्षांनी झाले.

कॉनकॉर्डमध्ये राल्फ वॉल्डो इमर्सन हे थोर विचारवंत राहत असत. हेन्रीपेक्षा ते १४ वर्षांनी मोठे होते. या हट्टी व प्रामाणिक तरुणावर त्यांचा फार लोभ होता. १८४४ च्या शरद ऋतूत इमर्सनने वॉल्डन तळ्याच्या काठी काही एकर जमीन विकत घेतली. तेथे एक लहानसे घर बांधून राहण्याची परवानगी हेन्रीने मागितली आणि इमर्सनने ती आनंदाने दिली.

१८४५ चा मार्च संपत आला होता. तळ्यावरचे बर्फ अजून पुरते वितळले नव्हते. हेन्रीने एकाकडून कुऱ्हाड उसनी घेतली आणि तो रानात गेला. उंच, सरळ, कोवळी पाइनची झाडे निवडून त्याने तोडावयास आरंभ केला. एके दिवशी कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले. हेन्रीने ओल्या लाकडाची पाचर करून दगडाने ठोकून बसविली आणि लाकूड फुगून घट्ट व्हावे म्हणून कुऱ्हाड तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. एवढ्यात एक पट्टेरी साप सरपटत पाण्यात शिरला आणि तळाशी पाव तासाहून अधिक वेळ निश्चल पडून राहिला. थंडीची गुंगी अजून त्याला सोडीत नव्हती. हेन्री हातातले काम विसरून त्याच्याकडे पाहतच राहिला. काम पुरे झाल्यावर त्याने कुऱ्हाड मालकाला परत दिली, ती आणली होती त्याहून अधिक धार लावून.

एप्रिलच्या मध्यापर्यंत खांब, तुळया आणि वासे तासून तयार झाले. लाकडांना खाचा पाडून ती एकमेकांत नेमकी कशी बसवावीत, हे हेन्री काम करता करता शिकत होता. दुपारी पाइनच्या तोडलेल्या फांद्यांवर बसून तो घरून आणलेली भाकरी खाई. हातांना लागलेल्या चिकाचा वास त्या भाकरीलाही येत असे.

आता भिंतींसाठी फळ्या हव्या होत्या. जवळूनच नवा लोहमार्ग गेला होता. त्याच्या बांधकामावर आलेल्या एका आयरिश मजुराची खोपटी विकाऊ होती. हेन्रीने ती सव्वाचार डॉलरला विकत घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मजूर कुटुंब खोपटी सोडून निघाले. अंथरूण, कॉफी दळण्याचे जाते, आरसा, कोंबड्या, सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात सामावला होता. मागे राहिली फक्त मांजरी. ती रानात पळून गेली. हेन्रीने त्याच सकाळी खोपटी मोडली, खिळे उपटून काढले आणि फळ्या गाडीतून तळ्याकाठी आणून गवतावर उन्हात पसरल्या. वाकलेल्या फळ्या उन्हाने सरळ झाल्या. मात्र हेन्री गाडीबरोबर जाई, तेव्हा एक शेजारी चांगले सरळ खिळे निवडून हळूच आपल्या खिशात टाकीत असे!

टेकडीच्या उतारावर एका रानटी प्राण्याचे जुने बीळ होते. तेथेच हेन्रीने सहा फूट लांबरुंद व सात फूट खोल तळघर खणले. जमीन वाळूची असल्यामुळे हे काम दोन तासांत आटोपले. कितीही कडाक्याची थंडी पडली तरी बटाटे गोठू नयेत, यासाठी हे तळघर होते. मे महिन्याच्या आरंभी सांगाडा उभा करण्याचा दिवस आला. एकट्याने ते होण्यासारखे नव्हतेच असे नाही. पण शेजारधर्माला संधी मिळावी म्हणून हेन्रीने स्नेह्यांना बोलावले. इमर्सनसारखे विद्वान आणि साधे शेतकरी यांनी मिळून घराच्या चौकटी उभ्या केल्या. फळ्यांच्या कडा तासून त्या एकीवर एक अशा बसविल्या की पावसाचा थेंबही आत येऊ नये. धुराड्याच्या पायासाठी लागणारे दगड हेन्रीने तळ्यावरून हातांत उचलून टेकडीवर आणले.

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १८४५ च्या त्याच दिवशी हेन्री आपल्या नव्या घरात राहावयास गेला. घर १५ फूट लांब आणि १० फूट रुंद होते. दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला शेगडीची जागा. धुराडे अजून व्हावयाचे होते. म्हणून तो सकाळी बाहेर उघड्यावरच स्वयंपाक करी. भाकरी भाजत असताना पाऊस आला, तर विस्तवावर दोन फळ्या आडव्या धरून त्यांच्याखाली तो बसून राही. त्या शरद ऋतूत त्याने धुराडे बांधले आणि थंडीपूर्वी भिंतींना गिलावा केला.

हेन्रीने खर्चाचा हिशेब पैन् पै लिहून ठेवला आहे. १,००० जुन्या विटा ४ डॉलरना, काचांसह दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंटना, खडू १ सेंटला. एकूण खर्च झाला २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एका खोलीचे वर्षाचे भाडेच ३० डॉलर पडे. आयुष्यभर पुरेल असे घर त्याहून कमी पैशांत उभे राहू शकते, हे त्याने हातांनी सिद्ध करून दाखविले. घरात सामानही मोजकेच होते : एक पलंग, एक मेज, लिहिण्याचे एक डेस्क, तीन खुर्च्या, तीन इंचांचा आरसा आणि थोडीशी भांडी. शोभेसाठी त्याने चुनखडीचे तीन दगड मेजावर मांडले होते. त्यांवरची धूळ रोज झटकावी लागते असे ध्यानात येताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. मनातली धूळ झटकायची राहून गेली असताना दगडांची धूळ झटकण्यात वेळ का दवडावा, असा त्याचा विचार होता.

उदरनिर्वाहासाठी त्याने अडीच एकर जमिनीत घेवडा लावला. ओळींची लांबी एकूण सात मैल भरली. पहाटेच्या दवात अनवाणी उभे राहून तो खुरपणी करी. वर्षाअखेर शेतीतून त्याला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट नफा झाला. गरजा कमी केल्या, तर वर्षातील सहा आठवडे मजुरी करून पोट भरता येते आणि उरलेला सारा काळ वाचन, लेखन व चिंतन यांना देता येतो, हे त्याच्या प्रयोगाचे सार होते. तो जगापासून तुटलेला मात्र नव्हता. आईबहिणींना भेटायला तो वारंवार घरी जाई. गावकरी, मजूर, लाकूडतोडे व मुले त्याच्याकडे येत. दाराला त्याने कधी कुलूप लावले नाही. दोन वर्षांत चोरीला गेले ते होमर कवीचे एक लहानसे पुस्तक.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी खुरपणी आटोपली की हेन्री होडीत बसून बासरी वाजवी. कधी कधी तो मध्यरात्री चांदण्यात मासे धरायला जाई. चाळीस फूट खोल पाण्यात होडी नांगरून तो दोरी सोडून बसे. दूर घुबडे आणि कोल्हे ओरडत. लहान मासे शेपटीने पाण्यावर वलये उठवीत. त्याचे मन आकाशातील ताऱ्यांपर्यंत पोहोचलेले असे. इतक्यात हातातल्या दोरीला हलकासा झटका बसे आणि खाली अंधारात कोणीतरी जिवंत आहे याची त्याला जाणीव होई.

गावात अशी समजूत होती की वॉल्डन तळ्याला तळच नाही. हेन्रीने ती ऐकून सोडून दिली नाही. १८४६ च्या आरंभी तळे गोठलेले असताना तो बर्फावर चालत गेला. ठिकठिकाणी भोके पाडून, गळाच्या दोरीला सुमारे दीड पौंडाचा दगड बांधून त्याने खोली मोजली. शंभराहून अधिक मोजण्या झाल्या. सर्वांत खोल जागा १०२ फूट भरली. त्याने तळ्याचा नकाशा काढला. पुढे आधुनिक साधनांनी झालेल्या मोजण्यांत जवळजवळ तेवढीच खोली आढळली.

घरातील डेस्कापाशी बसून तो भावाबरोबरच्या जलप्रवासाचे पुस्तक लिहीत होता. त्यात त्याने नदीतल्या माशांविषयी मोठ्या आस्थेने लिहिले आहे. या माशांत सॅमन हा एक. सॅमन मासा नदीच्या वरच्या भागात, गोड्या पाण्यातील गोट्यांमध्ये जन्मतो. थोडा मोठा झाला की तो नदीबरोबर वाहत समुद्रात जातो व तेथे वाढतो. मग एक दिवस त्याला जन्मस्थानाची ओढ लागते. आपल्या नदीच्या पाण्याचा वास ओळखून तो तीच नदी शोधून काढतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत, धबधब्यांवरून उड्या घेत, अंडी घालण्यासाठी पुन्हा वर येतो. एके काळी कॉनकॉर्ड आणि मेरिमॅक या नद्यांत सॅमन, शॅड व एलवाइफ हे मासे असे विपुल येत असत. तेथील मूळ रहिवासी नदीत आडोसे उभारून ते धरीत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही रीत त्यांच्याकडूनच घेतली.

पुढे कॉनकॉर्ड नदीवर बिलेरिका येथे बंधारा झाला. मेरिमॅकवर लॉवेल येथे कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या निघाल्या आणि पाण्याच्या जोरावर यंत्रे फिरविण्यासाठी तेथेही पाणी अडविले गेले. समुद्रातून आलेले मासे बंधाऱ्याच्या भिंतीपाशी येऊन थांबू लागले. वाट बंद झाली. अंडी घालण्याच्या जागा सुन्या पडल्या. काही वर्षांतच त्या पाण्यातून सॅमन नाहीसा झाला. पुष्कळांना गिरण्यांची भरभराट दिसत होती. भिंतीशी येऊन परतणारे मासे कोणाच्या नजरेस येत नव्हते. ते हेन्रीला दिसले. ज्यांना तक्रार करण्यासाठी वाणी नाही आणि झगडण्यासाठी शस्त्र नाही, अशा जिवांची बाजू कोणी घ्यायची, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करी. बिलेरिकाचा तो बंधारा पहारीने फोडता येईल का, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. त्या बंधाऱ्यामुळे शेतकऱ्यांची कुरणेही पाण्याखाली जात. १८५९ साली या शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून हेन्रीने होडीतून हिंडून नदीची बारकाईने पाहणी केली.

मासेमारीविषयी त्याचे स्वतःचे मतही हळूहळू बदलत गेले. मुलांना रानाची आणि पाण्याची पहिली ओळख गळामुळेच होते, हे तो मान्य करी. पण प्रत्येक वेळी मासा मारल्यावर आपली आपल्यावरची श्रद्धा थोडी उणी होते, असे त्याला वाटू लागले. नदीच्या उथळ पाण्यात घरटे राखीत बसलेले ब्रीम मासे त्याने पाहिले होते. तो पाण्यात उभा राहून हळुवारपणे हात पुढे करी, त्यांच्या अंगावरून बोटे फिरवी आणि अलगद ओंजळीत घेऊन पाण्याबाहेर उचली. मासे बुजत नसत. घरातला एक रानउंदीर तर त्याच्या हातावर बसून पनीर कुरतडीत असे. वणव्याच्या दिवशी ज्या हातांनी विस्तव पेटविला होता, त्याच हातांवर आता रानातले जीव विश्वास टाकू लागले होते.

माणसांवर होणारा अन्यायही त्याला असाच बोचत असे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबविले जाई आणि सरकार ते चालू देत होते. शिवाय १८४६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध सुरू केले. अशा सरकारला आपण पैसा द्यावयाचा नाही, असे ठरवून हेन्रीने काही वर्षे माणशी कर भरला नव्हता. जुलै १८४६ मध्ये तो चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला जोडा आणण्यासाठी गावात गेला असता त्याला पकडून तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच रात्री कोणीतरी परस्पर कर भरला आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली. त्याने शांतपणे जोडा घेतला आणि मंडळींबरोबर टेकडीवर रानफळे वेचायला गेला.

या एका रात्रीतून एक निबंध जन्मला. कायदा अन्यायाचे साधन बनत असेल, तर सज्जनाने तो मोडावा आणि शिक्षा सोसावी, असे त्यात प्रतिपादिले होते. १८४९ साली तो छापला गेला तेव्हा फारशा कोणी वाचला नाही. पण ६० वर्षे होत आली असता तो दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या हाती पडला. गांधीजींचा लढा त्यापूर्वीच सुरू झाला होता. तथापि आपल्याच विचाराला या दूरच्या माणसाने दिलेला आधार पाहून त्यांना बळ आले. १९०७ साली त्यांनी आपल्या इंडियन ओपिनियन या पत्रातून त्याचा परिचय वाचकांना करून दिला.

भारताशी हेन्रीचा असा संबंध पुढे जुळला. पण त्याचा आरंभ तळ्याकाठीच झाला होता. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर तो मोठ्या आदराने वाचीत असे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सुमारे शंभर मजूर वॉल्डनवर बर्फ कापावयास आले. त्या काळी न्यू इंग्लंडमधील तळ्यांचे बर्फ भुशात गुंडाळून जहाजांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथेही पाठविले जाई. आपण गीता वाचतो त्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळत आहे, असे चित्र हेन्रीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. १८५५ साली एका इंग्रज स्नेह्याने त्याला पौर्वात्य ग्रंथांची एक मोठी पेटी भेट म्हणून पाठविली. तिच्यासाठी हेन्रीने नदीत वाहून आलेल्या लाकडांचे कपाट स्वतः तयार केले.

६ सप्टेंबर १८४७ रोजी, दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवसांनी, हेन्रीने ते घर सोडले. तेथे जे शिकावयाचे होते ते शिकून झाले होते. जलप्रवासाचे पुस्तक १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १,००० प्रती छापल्या. त्यांपैकी ७०६ न खपल्यामुळे चार वर्षांनी प्रकाशकाने परत पाठविल्या. हेन्रीने ती गाठोडी पाठीवरून माडीवर नेली. आपल्या संग्रहात आता सुमारे ९०० ग्रंथ असून त्यांतील ७०० हून अधिक आपणच लिहिले आहेत, अशी थट्टाही त्याने केली. छपाईचे कर्ज मात्र त्याने कष्ट करून फेडले. जमिनींची मोजणी करावी, पेन्सिली कराव्यात आणि रोज चार तास रानात हिंडावे, हा त्याचा क्रम चालूच राहिला. तळ्याकाठच्या वास्तव्यावरील वॉल्डन हे पुस्तक त्याने पुनःपुन्हा लिहून काढले. ते १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज जगातील कित्येक भाषांत ते वाचले जाते.

१८६० च्या डिसेंबरमध्ये थंडीपावसात झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजीत असता हेन्रीला सर्दी जडली. त्याला पूर्वीपासून क्षयाची बाधा होतीच. ती आता बळावली. तरीही अखेरपर्यंत त्याचे लेखन चालू होते. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, कॉनकॉर्ड येथे त्याचे निधन झाले.

तळ्याकाठचे ते घर पुढे विकले गेले, दुसरीकडे हलविले गेले आणि शेवटी मोडले. त्याच्या फळ्या कोणाच्या गोठ्याला, कोणाच्या छपराला लागल्या. १९४५ साली, घर बांधल्याला १०० वर्षे झाली तेव्हा, जमीन उकरून त्याच्या धुराड्याचा पाया शोधून काढण्यात आला. हेन्रीने तळ्यावरून हातांत उचलून आणलेले दगड मातीखाली तसेच होते. त्याने रोजनिशीत टिपून ठेवलेल्या फुलांच्या तारखा आजचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पृथ्वी तापत असल्यामुळे कॉनकॉर्डमधील अनेक झाडे आता पूर्वीपेक्षा लवकर फुलतात, हे त्यांना त्या तारखांवरून समजले.

माणसाला जगण्यासाठी खरोखर किती लागते, हे थोरोने एका वसंत ऋतूत कुऱ्हाड हाती घेऊन शोधण्यास आरंभ केला. जे उत्तर सापडले ते त्याने आयुष्यभर पाळले. गरजा थोड्या ठेवणे, हातांनी काम करणे, उसनी आणलेली वस्तू अधिक चांगली करून परत देणे आणि ज्यांना वाणी नाही त्यांच्यासाठी बोलणे, एवढेच ते उत्तर होते. त्याच्या घराची एकही भिंत आज उभी नाही. पण तेथे येणारा प्रवासी एखादा दगड त्या ढिगाऱ्यावर ठेवतो आणि तळ्याच्या नितळ पाण्याकडे पाहत परत फिरतो.